प्लास्टरच्या आधी: घरात आणि इमारतीत नेटवर्कची वायर कशी टाकायची

गेल्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या एका गावात काकांच्या नव्या घराचे काम माझ्याकडे आले. चिऱ्याचे दोन मजली बांधकाम, खाली मुलाचा दवाखाना, वर राहती जागा. पहिला स्लॅब पडायला आठ दिवस होते. काकांचा पहिलाच प्रश्न नेहमीचा होता, "अगं, आता सगळीकडे वायफाय असते ना? मग भिंतीतून वायरी कशाला?"

मी त्यांना म्हटले, काका, वायफाय हवेतून येते ते शेवटचे पंधरा-वीस फूट. तिथपर्यंत ते वायरीतूनच आलेले असते. त्यात आपला चिरा जड, लोखंड असलेला दगड, आणि पावसाळाभर ओल धरून बसतो. अशा दोन भिंती मध्ये आल्या की फोनवर सिग्नलची एकच कांडी उरते. वर टीव्हीचा व्हिडिओ थांबत थांबत चालतो आणि दोष कंपनीला दिला जातो. प्रत्येक मजल्यावर छताला वायफायचा एकेक डबा हवा, आणि त्या डब्यापर्यंत स्वतंत्र वायर हवी.

मी हे काम १९ वर्षे करते आहे. राउटर, टीव्ही, कॅमेरे चार-पाच वर्षांत बदलतात. भिंतीतली वायर वीस वर्षे तिथेच राहते. म्हणून घर बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती असते, की खरेदीची यादी नंतर करा, आधी पाइप बघा.

सगळ्या वायरी एका जागी

इलेक्ट्रिशियनला पहिली गोष्ट हीच समजावावी लागते. विजेची वायर एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर लूप करत नेता येते. डेटाची नेता येत नाही. प्रत्येक पॉइंटची वायर एकसंध, मध्ये कुठेही जोड न देता, थेट रॅकपर्यंत, म्हणजे सगळ्या वायरी जिथे गोळा होतात त्या लोखंडी कपाटापर्यंत आली पाहिजे. जुन्या ऑफिसांत काळ्या कोॲक्स केबलची (टीव्हीच्या केबलसारखी गोल जाड वायर) एकच माळ सगळ्या संगणकांतून फिरायची आणि एक जोड निसटला की सगळी रांग बंद पडायची. १९९० मध्ये दहा मेगाबिटचे इथरनेट, म्हणजे संगणक वायरीने जोडायची पद्धत, एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर चालवण्याचे मानक आले, आणि प्रत्येक टेबलाला आपली वायर ही पद्धत रुळली.

रॅक कुठे ठेवायचा? बहुतेक जण जिन्याखाली दाखवतात. चिपळुणात मी ते मान्य करत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरचे माझ्या हातचे रॅक पाण्याखाली गेले. स्विच (सगळ्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा), कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, इन्व्हर्टर सगळे गेले. चिखल वाळल्यावर एकेक जॅक, म्हणजे वायर खोचायचे सॉकेट, उघडला तर आतल्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. तेव्हापासून आमच्या भागात रॅक वरच्या मजल्यावरच. काकांच्याकडे वरच्या पॅसेजमध्ये, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीवरचा ९ यू रॅक ठरवला. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी उंची. पलीकडे न्हाणीघराची भिंत नको, हवा खेळती हवी, आणि इन्व्हर्टरवरून येणारे दोन प्लग पॉइंट शेजारी हवेत.

मग घरभर खडू घेऊन फिरलो. दवाखान्यात चार पॉइंट: डॉक्टरांच्या टेबलाला दोन, प्रिंटरला एक, बाहेर बसण्याच्या जागी एक. वर टीव्हीला दोन, नातीच्या अभ्यासाच्या खोलीत दोन. छताला वायफायचे दोन, बाहेर कॅमेरे चार. एकूण १४. प्रत्येक पॉइंटपासून रॅकपर्यंतची लांबी टेपने मोजली, भिंतीवरचा चढ-उतार धरून. सरासरी २२ मीटर आली, म्हणजे ३०८ मीटर. केबलची पेटी ३०५ मीटरची असते. इथेच लोक चुकतात. तीन मीटरच कमी पडतात म्हणून एकच पेटी आणतात आणि शेवटच्या पॉइंटला तुकडे जोडतात. मी दोन पेट्या मागवल्या. उरलेली केबल कोरड्या जागी ठेवली तर खराब होत नाही.

पाइप

पाइप २५ मिमीचा घ्या. नेटवर्कच्या पाइपाची साधारण ४० टक्के जागाच भरावी असा नियम आहे. कॅट-सिक्स (नेटवर्क केबलचा एक दर्जा, पुढे सांगते) केबल सुमारे ६ मिमी जाडीची असते, त्या हिशेबाने २५ मिमीच्या पाइपात मी चारच घालते. पाचवी ओढून बसते, पण पुढे कधी एखादी बदलायची वेळ आली तर ती जागची हलत नाही.

कोपऱ्यावर काटकोनी एल्बो नको, लांब वळणाचा बेंड हवा. दोन बॉक्सांच्या मध्ये काटकोनाची दोनच वळणे. तिसरे आले की तिथे ओढायला एक जंक्शन बॉक्स द्या. सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, सळया बांधून झाल्या की काँक्रीट पडायच्या आधी पाइप टाकायचे, सळईला तारेने बांधायचे आणि दोन्ही तोंडे कापूस कोंबून वरून टेप लावून बंद करायची. हे काम मी दुसऱ्यावर सोडत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी एका घरात गवंड्याने घाईत एक तोंड उघडे ठेवले. सिमेंटची स्लरी आत गेली, घट्ट झाली, आणि रंग झालेल्या दिवाणखान्याच्या भिंतीला कटर लावायची पाळी आली. त्या घरातल्या वहिनी दारात उभ्या राहून लाल धूळ नव्या सोफ्यावर बसताना पाहत होत्या. स्लॅबच्या दिवशी मी सकाळपासून तिथे असते, ती तेव्हापासून.

पाइप टाकतानाच आत जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार किंवा नायलॉनची दोरी ओढून ठेवा. विजेच्या पाइपात नेटवर्कची वायर कधीही घालू नका. त्यात २३० व्होल्टची वायर सोलली तर जीवाशी खेळ आहे. समांतर जायचे असेल तर दोन पाइपांत एक फूट अंतर ठेवा, आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडा.

आणि दोन पाइप रिकामे टाका. एक गच्चीपासून रॅकपर्यंत, एक रस्त्याच्या बाजूच्या भिंतीपासून रॅकपर्यंत. फायबरवाला खांबावरून येतो तेव्हा त्याला आत यायला वाट हवी असते. ती नसली की तो खिडकीची चौकट भोकसतो आणि पहिल्या पावसात तिथून पाणी आत येते.

कोणती केबल

दुकानात नावे बरीच ऐकाल. कामापुरते सांगते. कॅट-फाइव्ह-ई १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. कॅट-सिक्स तेवढेच नेते, आणि अंतर ५५ मीटरच्या आत असेल तर दहा गिगाबिटही नेऊ शकते. कॅट-सिक्स-ए दहा गिगाबिट पूर्ण १०० मीटर नेते, पण जाड आणि ताठ असते, पाइपही मोठा लागतो. कॅट-एट ३० मीटरपर्यंतच्या डेटा सेंटरच्या कामाची आहे. घरासाठी कुणी सुचवली तर नको म्हणा. माझे मत स्पष्ट आहे: नव्या घराला कॅट-सिक्स, बिनजाळीची, शुद्ध तांब्याची. जाळीची म्हणजे शिल्डेड केबल घेतली तर तिची जाळी जॅकपासून रॅकपर्यंत नीट अर्थिंगला जोडलेली असली पाहिजे. ते होणार नसेल तर त्या जाळीसाठी पैसे घालवू नका.

शुद्ध तांब्याची हे मी मुद्दाम म्हणते. बाजारात सीसीए नावाची केबल अर्ध्या किमतीत मिळते. आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. कोणतेही मानक तिला नेटवर्क केबल म्हणून मान्य करत नाही. कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज द्यायची असते, ज्याला पीओई म्हणतात, तिथे ही केबल दगा देते. विरोध जास्त, त्यामुळे वायर तापते आणि टोकाला व्होल्टेज पडते. दिवसा चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडून परत सुरू होतो.

ओळखायची कशी? पेटी उचला; तांब्याच्या पेटीच्या मानाने सीसीएची पेटी हाताला हलकी लागते. एक वायर सोलून ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडा. तांबे आतपर्यंत तांबडे राहते, सीसीए पांढरे पडते. एवढ्यावर भागत नसेल तर मल्टिमीटर. पेटी उघडली की केबलची दोन्ही टोके हाताला येतात. एका वायरीच्या दोन टोकांमधला विरोध मोजा. मानकाप्रमाणे १०० मीटरला ९.३८ ओहमच्या वर जाता कामा नये, म्हणजे अख्ख्या पेटीला साधारण साडेअठ्ठावीस. चांगली कॅट-सिक्स याच्या बरीच खाली, वीस-बावीसच्या आसपास दाखवते. मी दुकानातच मोजते. पहिल्या वेळी दुकानदार नाराज झाला होता, आता मी गेले की तोच मीटर पुढे करतो.

भिंतीत जाते ती एकेरी भरीव तारेची केबल. रॅकमधल्या पॅच पॅनलपासून (जॅकची पट्टी, भिंतीतल्या वायरी तिथे संपतात) स्विचपर्यंत किंवा भिंतीपासून संगणकापर्यंत जाते ती पॅच कॉर्ड. तिच्यात बारीक तारांचा पुंजका असतो, म्हणून ती वाकते आणि रोजची ओढाताण सोसते. भिंतीतली भरीव केबल थेट बाहेर काढून संगणकाला लावू नका, चार महिन्यांत मुळाशी तुटते.

ओढणे

दोन माणसे लागतात. एक केबल आत सोडतो, दुसरा पलीकडून ओढतो, आणि दोघे एकमेकांशी बोलत राहतात. ११० न्यूटनच्या वर ताण नको, म्हणजे अकरा किलोचे वजन टांगल्यासारखा. अडली तर झटका देऊ नका. मागे घ्या, पीळ सोडवा, पुन्हा ओढा. एकदा कडक मुडपली की ती जागा सरळ दिसली तरी आतली जोडी हललेली असते. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान नको. भिंतीतल्या बॉक्सात एक फूट आणि रॅकमध्ये दोन-तीन मीटर जादा सोडा. जुडगा प्लास्टिकच्या टायने करकचून आवळू नका, वेल्क्रोची पट्टी वापरा.

ओढायच्या आधीच दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा, आवरणावर, मार्करने, तीन ठिकाणी. पहिला कापला जातो, दुसरा पुसला जातो, तिसरा कामी येतो.

जॅक मारणे

इथे मी जरा थांबते, कारण मी पाहिलेले दहातले आठ दोष टोकांवर असतात.

आवरण दोन इंच सोला. आत चार जोड्या दिसतील: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येकीत एक रंगीत वायर आणि एक त्याच रंगाची पांढरट. कॅट-सिक्समध्ये मधोमध प्लास्टिकची अधिकच्या चिन्हासारखी दांडी असते, ती कापून टाका. आता जोड्या नीट बघा. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा आहे, कुठे घट्ट, कुठे सैल. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा अडथळा दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजा होऊन जातो. ही युक्ती १८८१ मध्ये ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनसाठी काढली. चारही पीळ वेगळे ठेवतात ते शेजारच्या जोडीचा आवाज एकमेकींत उतरू नये म्हणून. म्हणजे तुम्ही विकत घेतली आहे ती खरी पिळाची कारागिरी, आणि टोकाला ती उलगडली की तेवढ्या जागेत केबलचा दर्जा गेला. १३ मिमीपेक्षा जास्त उलगडायचे नाही, अर्धा इंच. पिळलेली जोडी जॅकच्या खाचेपाशी न्यायची आणि अगदी शेवटी अंगठ्याच्या नखाने तेवढीच फोडायची.

जॅकमधल्या वायरींचा रंगक्रम टी-५६८-बी: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जॅकवर ए आणि बी असे दोन्ही रंगक्रम छापलेले असतात. आपल्याकडे बी चालतो. कोणताही घ्या, पण अख्ख्या इमारतीत एकच. पंचिंग टूलचे (वायर जॅकच्या खाचेत दाबून उरलेले टोक कापणारे हत्यार) कापणारे तोंड बाहेरच्या बाजूला ठेवून सरळ दाबा, "टक" असा आवाज येईपर्यंत. उलटे धरले तर आतली वायरच कापली जाते.

भिंतीच्या टोकाला आणि रॅकच्या पॅच पॅनलवर असेच जॅक मारा. केबलला थेट आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्कच्या वायरीच्या टोकाचा पारदर्शक प्लग) मारणे फक्त कॅमेऱ्याच्या टोकाला, तिथे इलाज नसतो.

तपासणी

साध्या दिव्यांच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले की काम झाले असे समजू नका. नवख्या मुलाची एक चूक मला वारंवार दिसते. त्याला वाटते, जोड्या शेजारी शेजारी लावल्या की झाले: एक-दोन नारिंगी, तीन-चार हिरवी, पाच-सहा निळी, सात-आठ तपकिरी. दोन्हीकडे तसेच लावले तर सगळे दिवे बरोबर लागतात. पण नेटवर्क कार्डाच्या दृष्टीने तीन आणि सहा ही एक जोडी असते. मग तिथला सिग्नल एका हिरव्या आणि एका निळ्या वायरीवरून जातो, दोघी वेगवेगळ्या पिळात. पाच मीटरवर चालते, तीस मीटरवर अडखळते आणि कारण सापडत नाही. म्हणून क्रम डोळ्यांनी दोनदा बघा.

दुसरी खूण म्हणजे ९४ हा आकडा. एका घरी ३०० मेगाबिटचे कनेक्शन होते, पण अभ्यासाच्या खोलीत स्पीड टेस्ट कायम ९४ दाखवत होती. राउटर बदलून झाला होता, कंपनीत तीन तक्रारी झाल्या होत्या. मी भिंतीतला जॅक उघडला. निळी वायर खाचेत बसलेली दिसत होती, पण सोलताना ब्लेडने तिला बारीक चीर पडली होती आणि दाबताना ती आत तुटली होती. शंभर मेगाबिटला एक, दोन, तीन आणि सहा या चारच वायरी पुरतात. गिगाबिटला आठही लागतात. एक तुटली की बहुतेक यंत्रे आपणहून शंभरवर उतरतात, आणि शंभरातून प्रत्यक्ष हाती ९४च्या आसपास येते. नवा जॅक, दहा मिनिटांचे काम. तुमच्याकडे टेस्ट ९० ते ९५ वर अडकत असेल तर आधी टोके उघडून बघा.

ऑफिसच्या मोठ्या कामाला मात्र केबल तपासणाऱ्या फ्लूकसारख्या यंत्राने प्रत्येक पॉइंटचा लेखी रिपोर्ट मागा. पैसे देण्याआधी मागा.

गेट, वीज आणि काच

काकांच्या घरापासून गेट ६० मीटर. तिथे कॅमेरा हवा होता. तांब्याची केबल आंब्याच्या झाडांवरून ओढा, असे शेजाऱ्यांनी सुचवले. मी नकार दिला. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा कशा कडाडतात ते सगळ्यांना माहीत आहे. जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या लांब तांब्यात झटका उतरतो आणि स्विचची सगळी पोर्टे घेऊन जातो. घराबाहेर जाणारी लांब वायर काचेची, म्हणजे फायबरची. काचेतून वीज जात नाही.

आम्ही लोखंडी आर्मर (कवच) नसलेली, चार काचतंतूंची सिंगल-मोड प्रकारची फायबर केबल जमिनीतून एचडीपीई म्हणजे जाड प्लास्टिकच्या पाइपात नेली, घुशींपासूनही ती वाचते. सिंगल-मोडचा काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा, आवरण धरून १२५. गेटच्या दिव्याची वीज होतीच, तिथे बंद डब्यात छोटा पीओई स्विच बसवला. कॅमेऱ्याला लागते ती वीज फार नसते. २००३च्या मूळ मानकात एका पोर्टला १५.४ वॉट आहेत, साध्या कॅमेऱ्याला तेवढे पुरतात.

फायबर हाताळताना तीन गोष्टी सांभाळा. टोकात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरवा कनेक्टर हिरव्यालाच, निळा निळ्यालाच. हिरव्याचे तोंड तिरपे घासलेले असते. आणि जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा.

इमारत मोठी असेल तर

शाळा, रुग्णालय, ऑफिस असेल तर सगळा हिशेब ९० मीटरवर येतो. भिंतीतली केबल ९०, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड मिळून १०, एकूण १००. हे ९० सरळ रेषेतले नसतात. ८० मीटर लांब मजल्याच्या एका टोकाला रॅक ठेवला तर वर चढायला तीन, छताजवळच्या केबल-ट्रेमधून ऐंशी, खाली उतरायला तीन, जादा सोडलेले तीन, झाले ८९. मध्ये एक वळण आले की हद्द ओलांडली. म्हणून रॅक मजल्याच्या मध्यावर, शाफ्टला (वायरी-पाइप मजल्यामजल्यांतून वर नेणारी उभी पोकळी) लागून. प्रत्येक मजल्याला आपला रॅक, मजल्यावरच्या खोल्यांना तांबे, आणि मजल्यांना जोडणारी उभी केबल फायबरची. शाफ्टमधून जाण्यासाठी स्लॅबला पाडलेली भोके फायर सीलंटने बुजवून घ्या. उघडी राहिली तर आगीच्या वेळी धूर तिथूनच वर चढतो. ठेकेदार हे शेवटी करू म्हणतात आणि विसरतात. बिल मंजूर करण्यापूर्वी टॉर्च घेऊन स्वतः बघून या.

काकांचे काम दिवाळीच्या आधी पूर्ण झाले. प्लास्टर होण्याआधी मी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला होता, चौकटीत मोजपट्टी धरून, म्हणजे पुढे कुणी खिळा मारायला गेला तर पाइप कुठून जातो ते कळेल. ते फोटो त्यांच्या नातीच्या फोनमध्ये दिले आणि छापून रॅकच्या दारात आतल्या बाजूने लावले. त्याखाली एक ते चौदा क्रमांक आणि कोणता पॉइंट कुठे. शेवटच्या दोन ओळी लाल शाईत: गच्चीचा पाइप रिकामा, दोरी आत आहे, रस्त्याकडचा पाइप फायबरसाठी, दोरी आत आहे.